आवाज नसलेली पेटी: मिडी कंट्रोलर आला कुठून?

चवथीच्या सुट्टीत भाचा फोंड्याला आला तो एक लांबट खोका काखेत मारूनच. आत पंचवीस पट्ट्यांचा मिडी कंट्रोलर, म्हणजे संगणकाला जोडून वाजवायच्या पट्ट्या. लॅपटॉपला जोडला, दिवे लागले, याने पट्ट्या बडवल्या आणि काहीच नाही. "मामा, दुकानदाराने गंडवलं. आवाजच नाही याला." मी वस्तू उलटीसुलटी करून पाहिली. स्पीकरची जाळी नाही, हेडफोनचे भोक नाही. मग आवाज येणार तरी कुठून?

दुकानदाराचा दोष नव्हता. पण भजनाला पेटी वाजवणाऱ्या माझ्यासारख्याला हे चटकन पटत नाही. पेटीत भाता, सूर आणि पट्टी एकाच लाकडी खोक्यात नांदतात. पट्टी दाबली की तिच्याखालचा पितळी सूर वाऱ्याने थरथरतो. कंट्रोलरमध्ये पट्टी आहे, सूर मात्र घराबाहेर गेला आहे. ही फारकत एका दिवसात झाली नाही.

भाच्याच्या स्क्रीनवर सूर मांडण्याची जी खिडकी होती तिचे नाव 'पियानो रोल'. हे नाव खऱ्या कागदाचे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आपोआप वाजणारे पियानो घरोघरी होते आणि त्यांत भोके पाडलेला कागदी रूळ फिरे. प्रत्येक कारखान्याचा रूळ वेगळा, म्हणून एकाचा दुसऱ्यात चालेना. १९०८ साली बफेलो शहरात कारखानदार एकत्र बसले आणि रुंदी ठरली: सव्वाअकरा इंच कागद, इंचाला ९ भोके, ८८ पट्ट्यांसाठी. त्या कागदावर आवाज नव्हताच. कोणती पट्टी कधी खाली जावी आणि कधी सुटावी, एवढीच नोंद. मिडी म्हणजे हाच कागद, फक्त विजेवरचा.

पुढची पंचाहत्तर वर्षे सगळ्यांनी एकच माप ठरवण्याचा हा शहाणपणा बहुधा विसरला गेला. सत्तरच्या दशकातले सिंथेसायझर, म्हणजे विजेने सूर घडवणारी वाद्ये, व्होल्टेजवर चालत. मूग आणि रोलंड या कंपन्यांचे एका सप्तकाला एक व्होल्ट मोजत, कॉर्ग आणि यामाहाच्या कित्येक वाद्यांचा हिशेब निराळा. एकाची तार दुसऱ्यात खुपसली तर सूर भलतीकडेच पळायचा. नंतर डिजिटल वाद्ये आली तरी भांडण तेच: रोलंडने स्वतःची जोडणी काढली, ओबरहाइमने स्वतःची.

१९८१मध्ये रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी ही कटकट आधी टॉम ओबरहाइम यांच्यापुढे मांडली, मग सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीच्या डेव्ह स्मिथ यांच्यापर्यंत ती पोचली. त्याच वर्षी स्मिथ आणि चेट वूड यांनी न्यूयॉर्कच्या ध्वनी अभियंत्यांच्या परिषदेत एका सामायिक जोडणीचा आराखडा वाचला. जपानी कंपन्यांनी तो घासूनपुसून घेतला, तीच मिडी. जानेवारी १९८३च्या अमेरिकेतल्या वाद्यमेळ्यात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले. एकाच्या पट्ट्या दाबल्या आणि दुसराही वाजला. प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलली, तीही कोणी कोणाला स्वामित्वशुल्क न देता. मला सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. शुल्क ठेवले असते तर हा कंट्रोलर भाच्याच्या खिशाला परवडला नसता.

तारेतून जाते काय? आकडे. काळी एक दाबली की तीन आकडे निघतात: १४४, ६१, आणि ० ते १२७मधला कुठला तरी, म्हणा ९०. पहिला सांगतो 'पहिल्या चॅनेलवर सूर सुरू' (चॅनेल म्हणजे एकाच तारेतली वेगळी वाट), दुसरा सांगतो कोणता सूर, तिसरा सांगतो पट्टी किती वेगाने खाली गेली. मधली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक ६१, काळी चार ६८. सेकंदाला ३१,२५० बिट्स हा वेग, म्हणजे हे तीन आकडे जेमतेम एका मिलिसेकंदात पोचतात. विचित्र वाटणारा हा आकडा १० लाखांना ३२ने भागून येतो. त्या काळच्या स्वस्त चिपला हा भागाकार सोपा होता. तारेच्या टोकाला पाच पिनांचा गोल प्लग, त्यातल्या तीनच कामाच्या. आणि घेणाऱ्या वाद्यात आकडे विजेने थेट शिरत नाहीत. आत एक बारीक दिवा लुकलुकतो आणि समोरचा डोळा ते वाचतो. दोन वाद्यांची वीज एकमेकींना शिवत नाही, म्हणून घुंघुं येत नाही. जत्रेच्या मंडपात जनरेटरवर साऊंड लावणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

सूर घराबाहेर गेला तो इथे. आकडेच पाठवायचे तर पट्ट्यांच्या खोक्यात आवाज हवा कशाला? ऐंशीच्या दशकाच्या मध्यालाच यामाहाने केएक्स-८८ काढला: ८८ पट्ट्या, आवाज शून्य. आणि १९८५चा रोलंडचा पॅड-८, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा पहिला ऑक्टोपॅड! आपल्याकडे ऑर्केस्ट्रापासून तियात्रापर्यंत आणि जत्रेच्या नाटकापर्यंत ऑक्टोपॅड कोणी पाहिला नाही असे नाही, पण त्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता हे सांगितले तर आमचे तबलजी हसतात. आवाज पोटात असलेले पॅड नंतरचे. गोव्यात आम्ही मिडी कंट्रोलर फार आधीपासून काठीने बडवत आलो, नाव माहीत नव्हते इतकेच.

त्याच तारेने गोव्याच्या पोटावर पायही दिला. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले गोंयकार वादक मुंबईच्या सिनेसंगीताचा कणा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, ते त्यांतले एक. नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आणि सूर ओळीने साठवून आपोआप वाजवणारा संगणकावरचा सिक्वेन्सर स्टुडिओत रुजले, आणि जिथे व्हायोलिनवाल्यांच्या रांगा बसत तिथे एक कीबोर्डवाला पुरू लागला. बरोबर त्याच वर्षांत हणजुण्याच्या (अंजुना) किनाऱ्यावर त्याच यंत्रांवर घडलेले नाचाचे संगीत वाजत होते. गोवा ट्रान्स म्हणून जगभर गेलेले ते संगीत सिक्वेन्सरशिवाय होणारच नव्हते. एका मात्रेला २४ टिचक्या देणारे मिडीचे घड्याळ सगळी यंत्रे एका लयीत बांधते आणि रात्रभर कोणी दमत नाही. एकाच तंत्राने मडगावकडच्या वादकाचे काम नेले आणि हणजुण्याला नाव दिले. यात न्याय शोधू नये.

घरगुती कंट्रोलरचा खरा जन्म १९९९चा. त्या वर्षी यूएसबीवरून मिडी पाठवायचे नियम ठरले, आणि स्टाइनबर्ग कंपनीच्या व्हीएसटी-२ या पद्धतीमुळे संगणकातलाच एखादा प्रोग्राम मिडीचे आकडे घेऊन वाद्यासारखा वाजू लागला. तोवर कंट्रोलरच्या जोडीला महागडे ध्वनियंत्र लागायचे, आता लॅपटॉप पुरला. भाच्याचे नेमके तेच, म्हणजे प्रोग्रामातले वाद्य घालणे, राहिले होते. सॉफ्टवेअर उघडले, ट्रॅकवर पियानो घातला, ट्रॅक रेकॉर्डसाठी सज्ज केला. आवाज आला, पण बोटामागून लंगडत. विंडोजवर आवाज झटपट पोचवणारा एएसआयओ ड्रायव्हर घालून बफर, म्हणजे आवाज साठवून पुढे सोडणारा कप्पा, ५१२वरून १२८वर आणला तेव्हा बोट आणि सूर एकत्र आले. मग म्हणे सप्तकच चुकले. कंट्रोलरवरचे ऑक्टेव्हचे बटण चुकून दाबले गेले होते. त्यात आणखी एक मौज: ६० नंबरच्या सुराला यामाहावाले सी-३ म्हणतात, रोलंडवाले सी-४. बाकी सगळ्यावर एकमत झाले, या नावावर आजतागायत नाही.

भजनी माणसाची तक्रार मात्र वेगळी: एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड कुठे आहे? ही तक्रार जुनीच. याच कारणावरून आकाशवाणीने १९४०मध्ये पेटीला दार बंद केले आणि ते १९७१पर्यंत उघडले नाही. मिडीत सूर वाकवायला चाक आहे, १६,३८४ पायऱ्यांचे, पण ते चॅनेलवरचे सगळेच सूर एकदम वाकवते. षड्ज धरून गंधार तेवढा हलवायचा तर पंचाईत. २०१८मध्ये एमपीई या पद्धतीने प्रत्येक बोटाला वेगळा चॅनेल देऊन ही अडचण बरीचशी सोडवली. २०२०च्या मिडी २.०मध्ये आकड्यांच्या पायऱ्या बारीक झाल्या आणि संभाषण दोन्ही बाजूंनी होऊ लागले. जुने मात्र मोडीत निघाले नाही.

ते पाहायलाच आम्ही नाटक मंडळाच्या पेटाऱ्यातला नव्वदच्या दशकातला कीबोर्ड काढला. त्याचा स्पीकर केव्हाच फाटला होता. मागे पाच भोकांचा गोल सॉकेट होता. भाच्याने बाजारातून यूएसबीची जोडतार आणली. सॉकेटमधला गंज कापसाने पुसून तार बसवली आणि मी काळी एक दाबली. स्क्रीनवर ६१. खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या फिरवल्या, आकडे ओळीने उमटत गेले, फक्त ६४ काही केल्या येईना. त्या पट्टीखालचे रबर पावसाळ्यांनी खाल्ले आहे.