तो शेवटचा 'फॉल्स' कशासाठी?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत २०२ मधल्या काकू तावातावानं उठल्या. मेंटेनन्स पूर्ण भरूनही त्यांचं नाव थकबाकीदारांत लागलं होतं. "एक्सेलनं काढलंय काकू, चुकेल कसं?" असं ठणकावून सांगणारा खजिनदार म्हणजे मीच.

चूक माझीच होती. एका यादीत सगळे फ्लॅट, दुसरीत बँकेत जमा झालेल्या रकमा, त्याही तारखेच्या क्रमानं. फ्लॅट नंबरावरून रक्कम उचलायला मी व्हीलुकअप लावला, म्हणजे एका यादीतली गोष्ट दुसरीत शोधून तिच्यासमोरचा आकडा आणून देणारं एक्सेलचं सूत्र, आणि त्यात शेवटचं 'फॉल्स', म्हणजे 'नेमकं जुळणारंच हवं', लिहायला विसरलो. तुम्ही काहीच लिहिलं नाहीत तर एक्सेल गुपचूप 'ट्रू' धरून चालतं.

'ट्रू' म्हणजे 'अंदाजे जुळणारं', एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्यावरून अनेकांना वाटतं की जोशी नाही सापडले तर ते जोशींसारखं दिसणारं काहीतरी आणून देईल. तसं मुळीच नाही. 'ट्रू' म्हटलं की शोधायची रीतच बदलते, आणि ती रीत मला फार आवडते.

एमटीएनएलची जाडजूड डिरेक्टरी आठवते? पाटील शोधायला आपण पहिल्या पानापासून वाचत नव्हतो. मध्ये कुठेतरी उघडायचं, 'के' निघाला तर त्याच्या आधीचा अर्धा ठोकळा विसरायचा, उरलेल्याच्या पुन्हा मध्यावर जायचं. हाच द्विभागी शोध. दर वेळी अर्धी यादी बाद होते. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, म्हणजे बरोबर २ चा २० वा घात. इतक्या ओळींतूनही विसाएक तुलनांत उत्तर निघतं. 'फॉल्स' मात्र वरून खाली एकेक ओळ तपासतं. दहा-दहा हजारांच्या दोन याद्या तशा जुळवायच्या तर सरासरी पाच कोटी तुलना. द्विभागी शोधाला दीड लाखसुद्धा लागत नाहीत. (नव्या एक्सेलमध्ये पडद्यामागे काही युक्त्या आहेत, त्या सोडून देऊ.)

पण यादी क्रमानं लावलेली हवी. ती तशी आहे की नाही हे एक्सेल तपासत नाही, तुमच्यावर विश्वास ठेवतं. समजा जमा रकमांच्या यादीत फ्लॅट असे आहेत: १०१, ३०४, २०२, ४०२, १०३, २०१, ३०३. शोधायचाय २०२. मधला चौथा, ४०२. आपला नंबर लहान, म्हणून उजवी बाजू बाद. उरलेल्या तिघांत मधला ३०४. तोही मोठा, म्हणून त्याच्यासकट पुढचं सगळं बाद, आणि त्यातच खराखुरा २०२ गेला! उरला १०१. तो २०२ पेक्षा लहान, पुढे काही शिल्लक नाही, म्हणून उत्तर १०१ ची रक्कम. १०१ नं अर्धेच पैसे भरले होते, ते काकूंच्या नावावर चिकटले. एररही नाही.

मग ही सोय ठेवलीच कशाला? टप्प्यांसाठी. आयकराचे टप्पे किंवा लोकलचं अंतरानुसार भाडं बघताना नेमका आकडा तक्त्यात नसतोच. त्याच्या लगतचा खालचा टप्पा हवा असतो. तिथे 'ट्रू'च बरोबर. २०१९ मध्ये आलेल्या एक्सलुकअपनं, म्हणजे व्हीलुकअपच्या नव्या भावंडानं, मात्र उलट केलं: न सांगता नेमकं जुळणारंच शोधायचं.

नावावरून का नाही जुळवलं, असंही सभेत विचारलं गेलं. आमच्या एका सभासदानं अंकज्योतिषाच्या सल्ल्यानं आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' घातलाय, म्हणून. बँकेत जुनंच आडनाव आहे. त्याचं भाग्य उजळलं का ते त्यालाच विचारा; व्हीलुकअपनं त्याला ओळख दाखवली नाही एवढं मी सांगू शकतो.

'फॉल्स' घालून पुन्हा चालवलं. काकूंची रक्कम लागली, पण आधी दडलेले तीन 'एन/ए', म्हणजे 'सापडलं नाही', वर आले. नंबर तर समोर दिसत होते! नीट पाहिलं, तर ते रकान्यात डावीकडे चिकटलेले. म्हणजे बँकेच्या फाइलमधून आकडे नाही, मजकूर म्हणून आलेले. माणसाला सारखे दिसणारे दोन १०३ एक्सेलच्या लेखी वेगळे. १ नं गुणलं, तिन्ही उजवीकडे सरकले आणि जुळले.

१०१ ची थकबाकी खरीच निघाली.