स्टोची बाग : मालक कोण, पैसा कुणाचा

इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायरमधली स्टोची बाग आज फोटोत बघितली की वाटतं, हे सगळं असंच होतं की काय आधीपासून, लांबच लांब हिरवळ, तळी, चरणाऱ्या मेंढ्या आणि झाडांआडून डोकावणारी ग्रीक वळणाची देवळं. पण यातलं जवळजवळ काहीच आपोआप झालेलं नाही, आणि कधी काय बदललं ते बघायचं तर आधी मालक कोण आणि त्याच्याकडे पैसा कुठून आला ते बघावं लागतं.

टेंपल घराण्याने इथे सोळाव्या शतकात जमीन घेतली, तेव्हा त्यांचा धंदा मेंढ्यांचा. खरी बाग उभी केली ती लॉर्ड कॉबमने, १७११ नंतर. हा माणूस फौजेतला, आणि १७१५ मध्ये त्याने लंडनच्या एका बिअरवाल्याच्या श्रीमंत मुलीशी लग्न केलं, मग काय, हात मोकळा. चार्ल्स ब्रिजमन या बाग आखणाऱ्याने सरळ रस्ते आखले आणि कडेला कुंपणाऐवजी खोल चर खणला, त्याला हा-हा म्हणतात, म्हणजे गुरं आत येत नाहीत आणि घरातून बघणाऱ्याला मधे काही आडवंही येत नाही. भन्नाट आयडिया होती ती.

मग १७३३ मध्ये कॉबमचं पंतप्रधान वॉलपोलशी एक्साईज बिलावरून, म्हणजे दारू-तंबाखूवरच्या कराच्या कायद्यावरून, वाजलं, त्याची रेजिमेंट काढून घेतली, आणि साहेबांनी सगळा राग बागेत काढला. वास्तुकार विल्यम केंटकडून एक सुंदर गोल देऊळ बांधून घेतलं, प्राचीन सद्गुणांचं, आणि त्याच्याजवळच आधुनिक सद्गुणांचं म्हणून मुद्दाम पडकं देऊळ, आत डोकं नसलेला पुतळा, तो वॉलपोलचाच असं लोक मानायचे. एवढा खर्च करून टोमणा मारणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही. तळ्याच्या पलीकडे सोळा थोर ब्रिटिशांचे अर्धपुतळे, शेक्सपिअर, न्यूटन वगैरे, त्यात बाई एकच, राणी एलिझाबेथ. आणि या सगळ्या सुंदरपणात स्टो नावाचं मूळ गावच उठलं, उरलं फक्त चर्च, तेही झाडांत लपवलेलं.

१७४१ ला लॅन्सलॉट ब्राउन हेड माळी म्हणून आला, वय पंचविशीच्या आसपास. ग्रीशियन व्हॅली, म्हणजे बागेतली एक दरी, त्याच्याच काळात मजुरांनी हाताने खणून काढली, पुढे तो देशभर बागा करत फिरला. कॉबमला मूल नव्हतं, १७४९ ला तो गेला आणि इस्टेट बहिणीच्या मुलाकडे, ग्रेनव्हिलांकडे गेली. त्यांनी सरळ रेषा पुसल्या, अष्टकोनी तळ्याच्या कडा वाकड्या केल्या, झाडांचे गट मोकळे केले.

पुढच्या पिढ्यांनी श्रीमंत सुना आणल्या, १८२२ मध्ये बकिंगहॅमचं ड्यूकपद, म्हणजे सरदारांतला सगळ्यात वरचा किताबही मिळवला, पण दुसऱ्या ड्यूकने सगळं उडवलं. १८४५ ला राणी व्हिक्टोरिया पाहुणी येऊन गेली आणि तीनच वर्षांनी घरातल्या सामानाचा लिलाव, तो चाळीस दिवस चालला. कर्ज दहा लाख पौंडांच्या वर आणि हातात आले ७५ हजारांच्या आसपास. तिसरा ड्यूक मात्र जबाबदार निघाला. हाच तो मद्रासचा गव्हर्नर, १८७६–७८ च्या दुष्काळातला, ज्याच्या नावाने तिथला बकिंगहॅम कॅनॉल आहे.

त्याला मुलगा नव्हता, मुलीकडे इस्टेट आली, तिचा थोरला मुलगा पहिल्या महायुद्धात मारला गेला, आणि १९२१ ला घर, बाग, पुतळे सगळं विकायला निघालं. १९२३ ला तिथे शाळा सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर शाळा आली म्हणूनच जागा टिकली, नाहीतर घर पाडून दगड विकले गेले असते. तरी शाळेनेही चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, बांधायला एका मोठ्या देवळाचे सोळा खांब काढून नेलेच. १९८९ ला बाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली, त्यांनी विकल्या गेलेल्या पुतळ्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आणि त्या देवळाला नवे खांब बसवले, जुने अजून चॅपलमध्येच आहेत.