शासकीय सुधारणांची अंमलबजावणी (खानदेश)

महसूल, बाजार, पाणी, जमिनीचे हक्क यांची जुनी घडी मोडून नवी बसवताना शासनापुढे ज्या राजकीय व आर्थिक अडचणी उभ्या राहतात, त्यांचा विचार या नोंदीत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या अनुभवावरून केला आहे. जुना खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असा विभागला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तापीकाठची काळी जमीन, कापूस-केळीचा पैसा आणि सातपुड्यातले पाडे हे सगळे याच मुलखात येते. त्यामुळे मुंबईहून निघालेला एकच आदेश रावेरला एका रूपात पोचतो आणि धडगावला दुसऱ्याच.

इथल्या अनुभवातून एक गोष्ट ठळक दिसते. जुनी व्यवस्था कितीही नाडणारी असली तरी ती वेळेला पैसा देते. सुधारणा न्याय देऊ करते, पण तो उशिरा हाती येतो, आणि पेरणी कोणासाठी थांबत नाही.

सुधारणेला विरोधाचे जुने उदाहरण १८५२ चे आहे. इंग्रजांनी जमिनीची मोजणी सुरू केली तेव्हा यावल, सावदा, फैजपूर व एरंडोल भागातल्या शेतकऱ्यांनी ती रोखली. मोजणीनंतर सारा वाढेल ही भीती त्यामागे होती. जमाव पांगवायला आणि पुढाऱ्यांना पकडायला लष्कर आणावे लागले. मोजणी पुढे झालीच. मात्र मोजणीची साखळी घेऊन येणारा सरकारी माणूस म्हणजे वाढीव वसुली, ही समजूत गावांत रुजली ती रुजलीच.

कापसाचा अनुभव याहून खोल आहे. व्यापारी व दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत आणि मालाचा धनी बाजूला उभा राही, असे सौदे बंद करून उघड्या बाजारात व्यवहार व्हावेत म्हणून १९२७ मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा झाला. त्याचा आरंभीचा वापर खानदेशातच झाला व त्यात धुळ्याचा बाजार आघाडीवर होता. पुढे १९७१ च्या कायद्याने राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी हाती घेतली आणि १९७२ च्या हंगामापासून खासगी व्यापाऱ्याला कापूस विकणे बेकायदा ठरले. हेतू चांगला होता. खरेदी केंद्रावर मात्र गाड्यांची रांग लागे, ग्रेडरच्या एका शब्दावर प्रत ठरे, आणि चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, कधी मिळेल ते कोणी सांगू शकत नसे. ज्याच्या घरी लग्न ठरलेले, ज्याला रब्बीचे बियाणे घ्यायचे, त्याने काय करायचे? तो रात्री गाडी जुंपून मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडे किंवा गुजरातच्या हद्दीत जाई. बाहेर भाव चढा असला की राज्यातला कापूस असा निसटे, आणि बाहेर मंदी असली की बाहेरचा कापूस चोरवाटेने केंद्रावर येई. दोन्ही वेळा तोटा योजनेच्या माथी. त्यात निवडणुका आल्या की जाहीर भाव बाजारभावाच्या वर चढे. हा तोटा शेवटी सरकारी तिजोरीवर पडला आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार सैल झाला. आजही खेडा खरेदीवाला दारात येऊन, भाव पाडून, पण रोख मोजतो, आणि लहान शेतकरी त्यालाच माल देतो. हे अडाणीपणाचे लक्षण मानणे अन्यायाचे आहे. त्या शेतकऱ्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर असतो.

बाजार समित्यांतही हीच गाठ आहे. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला समित्यांच्या नियंत्रणातून काढला आणि अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. व्यापाऱ्यांनी लगेच बाजार बंद पाडले. त्यांचे नुकसान आजचे होते व ते सारे एका यार्डात एकत्र होते. ज्यांचा फायदा व्हायचा ते शेतकरी शिवारभर विखुरलेले. शिवाय अडत्या जूनमध्ये उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, दुखण्याखुपण्याला पैसे देतो. त्याची अडत कायद्याने काढता येते, त्याची उचल कोण भरून काढणार? राजकीय बाजू अशी की सोसायट्या, बाजार समित्या आणि जिल्हा बँका हीच तालुक्याच्या नेतृत्वाची शिडी आहे. समितीच्या निवडणुकीत १० गुंठ्यांवरच्या शेतकऱ्याला थेट मताचा हक्क २०१७ मध्ये मिळाला आणि सरकार बदलल्यावर २०२० मध्ये तो काढून घेतला गेला.

याउलट पांझरा नदीवरची फड पद्धत पहावी. कित्येक शतके बंधाऱ्याचे पाणी गावकऱ्यांनी स्वतः वाटले. बंधाऱ्यावर भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे. पाटकरी, जागल्या, हवालदार ही गावाने नेमलेली माणसे. त्यांचा मोबदला पिकातून, तिथल्या तिथे मिळे. कोणाच्या पाळीला पाणी कमी आले तर विचारायचे कोणाला, हे सगळ्यांना ठाऊक असे. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना जवळजवळ हेच काम दिले. पण गळकी चारी दुरुस्त न करता संस्थेच्या ताब्यात दिली, तर पाणीपट्टी वसूल करायची कशाच्या जोरावर?

डोंगरपट्ट्यात अडचण कागदाची व भाषेची आहे. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातल्या आधार क्रमांक वाटपाची सुरुवात झाली. पुढे रेशनही अंगठ्यावर आले. मोळी आणि कुदळ हाताळून रेषा झिजलेला अंगठा यंत्राला पटत नाही, डोंगरात रेंज नसते, आणि पावरी किंवा भिलोरी या आदिवासी बोली बोलणाऱ्या आजीला धान्य का मिळाले नाही हे मराठीतच सांगितले जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्याचेही असेच. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, कसणाऱ्याच्या नावे व्हावी असे कायदा सांगतो. ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती असा दाव्याचा प्रवास. वनखात्याच्या लेखी तीच जमीन जंगल, म्हणून मोजणीवरून वाद होतो व दावे अडतात. ज्यांना पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळाला त्यांच्यापुढे पुढचा प्रश्न येतो. हा हक्क वारसाने जातो, पण विकता येत नाही, त्यामुळे ही जमीन तारण घ्यायला बँक कचरते. नवरा-बायको दोघांच्या नावाचा पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीत ठेवलेला असतो, आणि मृग लागला की बियाण्याचे पैसे पुन्हा सावकाराकडूनच येतात.