आकान म्हणींमधले बाई आणि पुरुष

आकान हा घानाच्या दक्षिणेला आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये राहणारा मोठा समाज. असांते, फांते, आकुआपेम हे सगळे त्यातच येतात. इथे घराणं ('आबुसुआ') आईकडून चालतं, जुन्या रिवाजाप्रमाणे मामाचा वारसा भाच्याकडे जातो आणि गादीवर कोणाला बसवायचं ते नाव 'ओहेमा' म्हणजे राजमाता सुचवते (ती राजाची आईच असते असं नाही, बहीण किंवा मावशीपण असू शकते). एवढं असून म्हणी वरवर बघितल्या तर बाईला एक पाऊल मागेच ठेवतात, आणि वाद आहे तो यावरच.

सगळ्यात जास्त सांगितली जाणारी म्हण म्हणजे 'ओबा तो तुओ आ, एत्वेरे ओबरिमा दान मु', बाईने बंदूक विकत घेतली तरी ती टेकवून ठेवायची पुरुषाच्याच खोलीत. आता ही किती जुनी? पोर्तुगीज या किनाऱ्यावर १४७१ च्या सुमारास आले खरे, पण बंदुकांचा मोठा व्यापार साधारण १७ व्या शतकाच्या उत्तरार्धातला, त्यामुळे आजच्या रूपातली म्हण त्याआधीची असणं कठीण. अगदी याच साच्यात 'बाईने ढोल कोरला तरी' अशीही एक म्हण आहे, तिला जुनी धरून बंदूक नंतर आली असं मानता येईल, पण लिखित पुरावा १९ व्या शतकाच्या मागे फारसा जात नाही म्हणून ठामपणे काही बोलू नये हे बरं. अर्थाचंही तसंच. बायकोची कमाई नवऱ्याची, असा अर्थ बरेच जण लावतात, पण आकान रिवाजात नवरा-बायकोची मालमत्ता वेगळी असते आणि बाईच्या मागे तिचं जे काही असेल ते तिच्या आबुसुआकडे जातं, मग हा अर्थ बसत नाही. लढाई आणि दरबार हे पुरुषाचं क्षेत्र, एवढंच सांगणारा अर्थ जास्त पटण्यासारखा आहे. अर्थात १९०० साली इंग्रजांविरुद्धच्या युद्धाचं नेतृत्व असांते भागातल्या एजिसूची राजमाता याआ आसांतेवा हिनेच केलं!

कोंबडीची म्हणही अशीच दोन्हीकडून वाचता येते: पहाट झाली हे कोंबडीलाही कळतं, पण ती कोंबड्याच्या तोंडाकडे बघते. म्हणजे अक्कल आहे, बोलायचा हक्क नाही. आता मुद्दाम पहिलाच अर्धा भाग म्हणणारेही आहेत.

दुसरी बाजू पण आहे. 'आई मेली की आबुसुआ संपलं', 'राजालाही बाईनेच जन्म दिला' या म्हणी तितक्याच प्रचलित. आणि न्यायनिवाडा करताना वडीलधारे बाजूला जाऊन 'आबेरेवाला', म्हणजे म्हातारीला, विचारून येतो असं म्हणतात. बऱ्याचदा तिथे कोणी म्हातारी बसलेली नसते, आपसात चर्चा करून येतात, पण शेवटचा शब्द तिच्याच नावावर.

संग्रहांबद्दल थोडं सांगायला हवं. बाझल मिशन या स्विस ख्रिस्ती मिशनच्या क्रिस्टालरने १८७९ मध्ये ३,६०० ट्वी (आकानांची भाषा) म्हणी छापल्या, त्यातल्या निवडक म्हणींचं इंग्रजी भाषांतर इंग्रज अधिकारी रॅट्रेने १९१६ मध्ये टिपांसह केलं (उपशीर्षकात आकानांना चक्क 'रानटी लोक' म्हटलंय, तो काळच तसा). दोघेही पुरुष आणि परके, शिवाय म्हण टाकून बोलणं हा मुळात दरबारातल्या वयस्क मंडळींचा मान, तरुणाने म्हण वापरलीच तर आधी 'सेबे' म्हणून माफी मागायची. त्यामुळे बाजारात, चुलीपाशी बायका आपसात काय म्हणायच्या ते या संग्रहांत कमीच उतरलं असणार. घानाचे अभ्यासक क्वेसी यांका यांनी १९८० च्या दशकात म्हण कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगी म्हणतो यावर भर दिला, आणि नुसत्या याद्यांवरून समाजाचं मत काढण्यापेक्षा ही पद्धत जास्त भरवशाची वाटते.

लग्नावरच्या म्हणी दोघांनाही लागू पडतात, उदा. 'लग्न म्हणजे ताडी नव्हे, चाखून बघायला'. बायको म्हणजे घोंगडी, पांघरली तर टोचते आणि काढली तर थंडी वाजते, ही मात्र सरळ नवऱ्याच्या तोंडची. पुरुषांना उद्देशून 'पुरुष रडत नाही' ही सर्वांना माहीत असलेली.