पोस्टहेस्ट

पोस्टहेस्ट हे इंग्रजी क्रियाविशेषण आहे. अर्थ : अत्यंत तातडीने, हातचे काम टाकून. नुसत्या घाईपेक्षा यात हुकुमाची धार जास्त. आज हा शब्द थोडा ग्रांथिक वाटतो.

‘पोस्टमॉर्टेम’ कानावर असल्याने इथल्या ‘पोस्ट’चा अर्थ ‘नंतर’ असा लावला जातो आणि ‘घाई सरल्यावर’ असे भलतेच काही हाती येते. तो पोस्ट लॅटिन उपसर्ग. हा पोस्ट लॅटिनमधल्या ‘ठेवलेली’ या अर्थाच्या शब्दापासून इटालियन ‘पोस्ता’ व फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ठेवलेले काय, तर वाटेवर ठरावीक अंतरावर ताजे घोडे आणि स्वार. आपली डाकचौकी म्हणा ना. चौकीचे नाव पुढे स्वाराला, थैलीला आणि शेवटी अख्ख्या खात्याला लागले. (खांब या अर्थाचा पोस्ट आणखी वेगळा.)

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये राजाची पत्रे अशा चौक्यांवरून जात. आठव्या हेन्रीच्या काळी ही व्यवस्था ब्रायन ट्यूककडे होती. निकडीच्या पत्राच्या बाहेरच्या अंगावर लिहीत : ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’. इथे ‘हेस्ट’ आज्ञार्थी आणि ‘पोस्ट’ संबोधन, म्हणजे ‘त्वरा कर, स्वारा, त्वरा कर’. स्वल्पविराम गळाले, संबोधन विसरले गेले आणि उरला तो हा जोडशब्द. कधी शेजारी ‘फॉर लाइफ’, म्हणजे जिवाच्या करारावर, अशी पुस्ती असे; काही पत्रांवर तर फासाचा खांबही रेखाटलेला सापडतो.

धमकीने घोडा पळत नाही, म्हणून नियमही होते. सतराव्या शतकाच्या तोंडावरच्या आदेशांप्रमाणे चौकीवर किमान 2 घोडे सज्ज हवेत, पत्र हाती पडल्यापासून 15 मिनिटांत पुढे निघावे, वेग उन्हाळ्यात ताशी 7 मैल (सुमारे 11 किमी) आणि हिवाळ्यात 5 मैल. हा फरक चिखलाच्या रस्त्यांसाठी. वाटेतले चौकीदार पत्रावरच पोचल्याची वेळ लिहीत. त्यामुळे खोळंबा कुठे झाला ते लगेच उघड होई.

‘विथ पोस्टहेस्ट’ टाळावे. शब्द एकटाच पुरतो. मराठीत ‘तातडीने’ चालते, पण पत्राचा संदर्भ राखायचा तर जुन्या पत्रव्यवहारातले ‘पत्रदर्शनी’ जवळचे. ‘जेवायला बसला असाल तर आंचवायला इकडे या’ या बोलण्यातही तोच हुकूम आहे, फक्त फासाऐवजी पानावरून उठवणारा.