नस दबली, पण कोणती?

शाळेत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर हे रोज लिहावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एका शिक्षिकेला आपल्या दुखण्याचा पत्ता लागला तो त्या कोपऱ्यात. खाली गणितं लिहिताना काही व्हायचं नाही. हात दिनांकापर्यंत वर गेला की करंगळीपासून मुंग्या सुरू, आणि 'हजर'पर्यंत येईतो खडू बोटांतून गळायचा. कुणी मणका म्हणालं, कुणी कॅल्शियम. शेवटी 'मानेत नस दबलीय' यावर सगळ्यांचं एकमत झालं.

नस हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द. सलाईन लावताना सापडत नाही ती नस म्हणजे शीर. मनगटावर ठणठण उडते ती रोहिणी. कंबरेत दबते तो मज्जातंतू. या बाईंना झालेल्या थोरॅसिक आउटलेट सिंड्रोममध्ये, म्हणजे छातीच्या वरच्या तोंडाशी होणाऱ्या कोंडीत, यांपैकी कुठलीही दबू शकते, कारण तिन्ही एकाच चिंचोळ्या वाटेने हातात उतरतात. ऑपरेशननंतर माणूस किती दिवसांत सावरणार, हेही बरंचसं त्यावरच ठरतं. त्यामुळे भेटायला येणाऱ्याने 'आता बरं आहे ना?' विचारण्याआधी 'कोणती नस?' हे विचारायला हवं.

ती वाट बोटाने चाचपता येते. कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात दोन बोटं ठेवा आणि नाकाने झटकन श्वास ओढा. बोटांखाली काहीतरी ताणल्यासारखं होईल. तिथे, जरा खोलवर, स्केलीन नावाचे स्नायू असतात. मानेच्या मणक्यांपासून निघून ते पहिल्या बरगडीवर उतरतात आणि जोराने श्वास घेताना तिला वर खेचतात. पुढच्या आणि मधल्या स्केलीनच्या फटीतून हाताचे सगळे मज्जातंतू आणि रोहिणी जाते. शीर पुढच्या स्केलीनच्याही पुढून जाते. खाली पहिली बरगडी, वर कॉलरबोन. हात डोक्यावर नेला की कॉलरबोन मागे फिरते आणि मुळातच अरुंद असलेली वाट आणखी आवळते.

काहींना जन्मतः मानेच्या सातव्या मणक्यापासून एक जादा बरगडी असते. शंभरात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी. आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर तिचा त्रास होत नाही. इतरांत मानेला बसलेला हिसका, किंवा वर्षानुवर्षं हात वर करून केलेलं काम निमित्त ठरतं. दहातल्या नऊहून जास्त रुग्णांत दबतात ते मज्जातंतू. शिरेचा आणि रोहिणीचा प्रकार विरळा, पण जास्त तातडीचा. आजाराचं हे नाव १९५६ सालचं. गंमत अशी की शरीररचनेची पुस्तकं छातीच्या या वरच्या तोंडाला 'इनलेट' म्हणतात. दुखणं एकच, दार आत जायचं की बाहेर यायचं, यावर मात्र एकमत नाही.

मज्जातंतू दबला असेल तर आधी व्यायामोपचार, आणि त्याने भागलं नाही तरच सुरी. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात होम्स कूट यांनी १८६१ मध्ये जादा बरगडी काढली. १९१० मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस मर्फी यांनी पहिल्या बरगडीलाच हात घातला. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड रूस यांनी काखेतून ती काढायची पद्धत मांडली. आज कुणी काखेतून जातं, कुणी कॉलरबोनच्या वरून. बरगडी काढतात, स्केलीन स्नायू कापतात किंवा काढून टाकतात आणि मज्जातंतूंभोवतीची चिकट जाळी सोडवतात. बरगडीला लागूनच फुप्फुसाचं पातळ आवरण असतं. ते फाटलंय का हे बघायला सर्जन जखमेत सलाईन भरतात आणि भूलतज्ज्ञ फुप्फुस फुगवतात. बुडबुडे आले तर गळती. सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधतात, अगदी तसंच. नंतर छातीचा एक्स-रेही काढतात.

पहिले दिवस दुखण्याचे असतात, पण रुग्णाला बुचकळ्यात टाकतात त्या भलत्याच गोष्टी. आमच्या बाईंना उताणं झोपलं की दम लागायचा. ऑपरेशन मानेचं आणि धाप कसली? छातीच्या तळाशी असलेल्या श्वासपटलाला हलवणारा मज्जातंतू पुढच्या स्केलीनवरूनच खाली उतरतो. त्याला बाजूला सारताना नुसता ताण बसला तरी त्या बाजूचं श्वासपटल काही आठवडे, कधी काही महिने रुसून बसतं. पाठीमागे दोन-तीन उशा रचून झोपलं की बरं वाटतं. असाच दुसरा एक मज्जातंतू मधल्या स्केलीनमधून जातो. तो दुखावला तर भिंतीला रेटा देताना खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर येतं. काखेतून ऑपरेशन झालेल्यांना दंडाची आतली बाजू बधिर लागते. आणि डाव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर जेवणानंतर ड्रेनच्या नळीत क्वचित दुधासारखं पाणी दिसतं. तो पू नसतो. आतड्यांतून स्निग्ध पदार्थ वाहून आणणारी नलिका डाव्या कॉलरबोनमागेच शिरेला मिळते, तिला धक्का लागलेला असतो. अशा वेळी तूप-तेल बंद करायला सांगतात. 'ताकद यावी' म्हणून डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या मावशींना हे पटवणं अवघड जातं.

शीर दबली असेल तर बहुधा तिच्यात रक्ताची गाठ झालेली असते. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाचा हात अचानक सुजून निळसर पडतो, तो हा प्रकार. आधी गाठ विरघळवतात, मग बरगडी काढतात, आणि पुढे काही महिने रक्त पातळ ठेवणारी गोळी चालते. इथे सावरणं म्हणजे सूज उतरणं. ते डोळ्यांना दिसतं. रोहिणीचं गणित मात्र वेगळं. हाडावर घासून तिची भिंत खराब होते, तिथे गाठी धरतात आणि सुटून पुढे जातात. अमेरिकेतला सहा फूट आठ इंच उंचीचा बेसबॉल गोलंदाज जे. आर. रिचर्ड १९८० च्या मोसमात हात मेल्यासारखा वाटतो म्हणून तक्रार करत होता, आणि वर्तमानपत्रं त्याला कामचुकार ठरवत होती. ३० जुलैला सराव करताना तो मैदानावरच कोसळला. मेंदूला रक्त नेणारी मानेतली रोहिणी तुंबली होती. तीस वर्षांचा होता तो. पुन्हा त्या पातळीवर कधीच खेळला नाही. म्हणून ऑपरेशननंतरही हात पांढरा-गार पडला, एकाएकी सुजला किंवा धाप वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

उरला मज्जातंतू. हा सगळ्यांत हट्टी. हर्बर्ट सेडन या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये मज्जातंतूंच्या इजांची जी वर्गवारी केली, ती अजून वापरात आहे. नुसत्या दाबाने संदेश अडला असेल तर तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुरू होतो. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, त्याचाच हा थोरला भाऊ. आतला तंतूच तुटला असेल तर तो तुटल्या जागेपासून नव्याने वाढत जावा लागतो. वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर. मानेपासून तळहात सत्तर सेंटिमीटर धरला तर जवळपास दोन वर्षं. तोवर तिकडचे स्नायू थांबत नाहीत. वर्ष-दीड वर्ष संदेश आला नाही तर ते कायमचे सुकू लागतात. म्हणून अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा आधीच बसला असेल तर दुखणं थांबतं, पण उंचवटा भरून येईलच असं नाही. उशिरा ऑपरेशन करण्याची ही किंमत मला सगळ्यांत जास्त खुपते.

वाढणाऱ्या तंतूचं टोक कुठवर आलं हे टिचकी मारून कळू शकतं. तिथे झिणझिण्या येतात. ही खूण १९१५ मध्ये फ्रान्सच्या ज्यूल टिनेलने आणि जर्मनीच्या पाउल हॉफमनने स्वतंत्रपणे नोंदवली. दोघांचे देश तेव्हा एकमेकांशी लढत होते, आणि जखमी हातांची दोन्हीकडे कमी नव्हती.

आमच्या बाईंचा खरा घोटाळा झाला सहाव्या आठवड्यात. टाके कधीच सुकले होते, मुंग्या गेल्या होत्या, आणि एका सकाळी त्या परत आल्या. घरचे म्हणाले, ऑपरेशन फसलं. तसं नव्हतं. कातडीवरचा व्रण मिटला तरी आत नवी ऊती तयार होत, घट्ट होत, आक्रसत असते, आणि हे काम वर्षभर चालतं. मज्जातंतू काही ताणून बांधलेली तार नाही. हात हलला की तो आपल्या वाटेत काही मिलिमीटर, कुठे कुठे सेंटिमीटरभर सरकतो. भोवतीच्या व्रणाने त्याला धरून ठेवलं की हलताना हिसका बसतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट तळहात उघडून, कोपर हळू सरळ करत, मान किंचित दुसरीकडे कलवत तंतू सरकवायला लावतात. झिणझिणी सुरू होण्याआधी थांबायचं. इथे 'थोडं दुखलं तरच गुण येतो' हे तत्त्वज्ञान चालत नाही.

दुसरा धडा श्वासाचा. हे रुग्ण बरेचदा मानेने श्वास घेतात, म्हणजे स्केलीन दिवसभर बरगडी उचलत असतात. पोटावर हात ठेवून तो हात वर-खाली होईल असा श्वास नव्याने शिकावा लागतो. घरकामात भरलेली बादली, खांद्याला अडकवलेली पर्स आणि चादरी पिळणं बरेच आठवडे वर्ज्य. कणीक मळणं त्याहून उशिरा. त्यात खांदा किती रेटतो हे मळणाऱ्यालाच ठाऊक.

एवढं करून सगळ्यांना सारखंच फळ मिळतं असंही नाही. बेसबॉलमध्येच बघा. स्टीफन स्ट्रासबर्गचं ऑपरेशन २०२१ मध्ये झालं आणि त्यानंतर वरच्या लीगमध्ये त्याच्या वाट्याला एकच सामना आला. मेरिल केलीचं २०२० मध्ये झालं, आणि २०२३ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये त्याने सात डाव टाकून एकच धाव दिली, नऊ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू टोलवू न देताच बाद केलं. दोघांच्या आजाराचं आणि ऑपरेशनचं नाव एकच होतं.

आमच्या बाई चौथ्या महिन्यात शाळेत रुजू झाल्या. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहितात, मध्येच खडू ठेवून हात खाली सोडतात. वरच्या कोपऱ्यातले वार, दिनांक, पट, हजर वर्गातली सगळ्यात उंच मुलगी लिहून ठेवते. मागच्या आठवड्यात तिने बुधवारला मंगळवार लिहिलं होतं. बाईंनी हात वर नेऊन ती चुकलेली अक्षरं पुसली, आणि नवा वार तिलाच लिहायला सांगितला.