अडथळे ६० टक्के की ११ टक्के? अमेरिकेच्या दोन सरकारी अहवालांतला फरक

दिव्यांगांना मतदान करणं अमेरिकेत कितपत सोपं आहे, हे शोधायला गेलं की दोन सरकारी आकडे हमखास समोर येतात. एक म्हणतो, पाहणी केलेल्या मतदान केंद्रांपैकी ६० टक्के ठिकाणी बाहेरच अडथळे होते. दुसरा म्हणतो, दिव्यांग मतदारांपैकी ११ टक्के लोकांना मत देताना अडचण आली. पहिला २०१६ च्या निवडणुकीतला, दुसरा २०२० च्या. घाईघाईत वाचणाऱ्याला वाटतं, चार वर्षांत काय कायापालट झाला! तसं काही झालेलं नाही. एकाने इमारत मोजली, दुसऱ्याने माणसाला विचारलं.

६० टक्केवाला अहवाल गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसचा, म्हणजे जीएओचा. ही तिथल्या संसदेसाठी काम करणारी तपासणी संस्था, साधारण आपल्या कॅगच्या जातकुळीतली. तिची माणसं मतदान सुरू असताना केंद्रावर जातात आणि गाडी लावायच्या जागेपासून मतदानाच्या खोलीपर्यंतची वाट तपासतात. रॅम्पचा चढ किती आहे? एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी, हे तिथलं माप. व्हीलचेअरसाठी दारात ३२ इंच मोकळी जागा मिळते का? फरशी उखडलेली आहे का? सोयीचं दार मागच्या बाजूला असेल, तर तसा बाण दाखवणारी पाटी पुढे लावली आहे का? यातलं एक जरी चुकलं, तरी ते केंद्र ‘संभाव्य अडथळा असलेलं’ म्हणून नोंदलं जातं. त्या दिवशी तिथे एकही व्हीलचेअर आली नसली तरी.

‘संभाव्य’ हा शब्द बातमीच्या मथळ्यात सहसा गळतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

जीएओने अशी पाहणी २०००, २००८ आणि २०१६ मध्ये केली. बाहेरच्या वाटेवर अडथळे असलेल्या केंद्रांचं प्रमाण ८४ वरून ७३ वर आणि मग ६० टक्क्यांवर आलं. पण शेवटच्या आकड्याला एक शेपूट आहे. पहिल्या दोन पाहण्यांतले नमुने देशभराचा अंदाज काढता येईल असे निवडलेले होते. २०१६ मध्ये १७८ केंद्रं पाहिली आणि त्यांतल्या १०७ ठिकाणी अडथळे सापडले, पण तो निष्कर्ष त्या १७८ केंद्रांपुरताच. सगळ्या अमेरिकेला तो लावता येत नाही, हे जीएओने स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे ८४, ७३, ६० अशी घसरती रेघ काढून सुधारणेचा आलेख दाखवणं जरा धाडसाचंच.

माझ्या मते त्या अहवालातला खरा महत्त्वाचा भाग खोलीच्या आत आहे. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात मतमोजणीचा जो गोंधळ झाला, त्यानंतर २००२ मध्ये ‘हेल्प अमेरिका व्होट अ‍ॅक्ट’ आला. प्रत्येक केंद्रावर निदान एक यंत्र असं हवं, की दिव्यांग मतदाराला कुणाच्या मदतीशिवाय आणि गुप्तपणे मत देता येईल, अशी तरतूद त्यात झाली. २०१६ मध्ये आतली मतदानाची जागा जिथे पूर्ण तपासता आली अशी केंद्रं १३७. त्यांपैकी ८९ ठिकाणी, म्हणजे ६५ टक्के केंद्रांत, या सोयीच्या यंत्रापाशीच काहीतरी अडलेलं होतं. कुठे यंत्र सुरूच केलेलं नाही, कुठे अंध मतदारासाठी लागणारा हेडफोन नाही, कुठे व्हीलचेअर यंत्रापर्यंत पोहोचत नाही, कुठे पडदा असा वळवलेला की बाजूच्याला मत दिसावं. यंत्र विकत घेतलं, कोपऱ्यात आणून ठेवलं आणि प्लगच लावला नाही, हा प्रकार आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत खेटे घातलेल्यांना काही नवा नाही.

११ टक्केवाला अहवाल इलेक्शन असिस्टन्स कमिशनचा, म्हणजे ईएसीचा. हा आयोगही त्याच २००२ च्या कायद्याने जन्माला आला. त्याने रटगर्स विद्यापीठाच्या अभ्यासकांकडून निवडणुकीनंतर सर्वेक्षण करून घेतलं. अडीच हजारांवर लोकांना प्रश्न विचारले, त्यांत बहुसंख्य दिव्यांग. इथे मोजपट्टी नाही, मतदाराचा अनुभव आहे. तुम्हाला अडचण आली का, एवढंच. दिव्यांग मतदारांतल्या ११ टक्क्यांनी हो म्हटलं, इतर मतदारांतल्या ६ टक्क्यांनी. २०१२ मध्ये दिव्यांगांचा हाच आकडा २६ टक्के होता.

ही घट खरी, पण ती आली कुठून? केंद्रावर जाऊन मत देणाऱ्या दिव्यांगांचा वेगळा हिशेब पाहिला तर अडचणीचं प्रमाण १८ टक्के निघतं. २०१२ मध्ये ते ३० होतं. तेव्हा केंद्रांवरचा त्रासही कमी झाला, हे मान्य. पण २०२० हे कोविडचं वर्ष. जवळपास तीन चतुर्थांश दिव्यांग मतदारांनी टपालाने किंवा मतदानाच्या दिवसाआधीच मत दिलं. जो रॅम्पपर्यंत गेलाच नाही, त्याला रॅम्पची अडचण कशी येणार? २०२२ मध्ये एकूण आकडा पुन्हा १४ टक्क्यांवर गेला.

आणखी एक गोष्ट. हे ११ टक्के, मत दिलेल्यांतले आहेत. त्रासाच्या धास्तीने जो घरीच बसला, तो या टक्केवारीत नाही, आणि जीएओच्या केंद्रांच्या यादीत तर माणूसच नाही. त्याचा माग काढायला तिसरीकडे, जनगणना ब्युरोच्या आकडेवारीकडे जावं लागतं. २०२० मध्ये दिव्यांग नागरिकांचं मतदान ६१.८ टक्के झालं, इतरांचं ६७.५ टक्के. अर्थात ही सगळी तफावत रॅम्पमुळेच, असंही म्हणता येत नाही. वय, उत्पन्न, एकटेपणा, सगळंच त्यात मिसळलेलं आहे.

मग उपयोग कुणाचा कशाला? जिल्ह्याच्या निवडणूक अधिकाऱ्याने जीएओचा अहवाल घेऊन बसावं, कारण काय दुरुस्त करायचं ते त्यात कळतं. धोरण यशस्वी झालं का, हे विचारणाऱ्याने ईएसीचा घ्यावा. ११ टक्के दाखवून ६० टक्के खोटे ठरवणं किंवा ६० टक्के दाखवून ११ हसण्यावारी नेणं, दोन्ही चूक.

आपल्याकडे निवडणूक आयोगाचे आकडे बहुतेक नोंदणीचे आणि सुविधांचे असतात. २०२४ च्या लोकसभेआधी ८८.४ लाख दिव्यांग मतदार नोंदलेले होते. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना त्याच लोकसभेला देशभर पहिल्यांदा घरून मतदानाची सोय मिळाली. ईव्हीएमच्या बॅलट युनिटवर ब्रेलमध्ये अंक असतात, त्यामुळे अंध मतदार स्वतः बटण दाबू शकतो. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मात्र काचेमागे सात सेकंद दिसते आणि खाली पडते. ती त्याने कशी पडताळायची? जीएओच्या रीतीने पाहणारा हा अडथळा म्हणून लिहून घेईल. ईएसीच्या रीतीने बाहेर येताना विचारलं, तर तोच मतदार कदाचित ‘काही अडचण आली नाही’ असं सांगून घरी जाईल.